डाव्या बाजूचा हिपोकॅम्पस आकसला आहे. बहिणीची स्मरणशक्ती सुधारेल का?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. आपण देवगडचे आहात. आपल्या 24 वर्षांच्या बहिणीला तान्ह्या वयात तापात बराच वेळ चाललेली फिट आली होती. मधली वर्षे बरी गेली आणि दहावीच्या सुमारास पोटातून काहीतरी वर येते असे म्हणून ती मिनिटभर भान हरपल्यासारखी बसू लागली. एमआरआयच्या अहवालात डाव्या बाजूचे मीझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतील हिपोकॅम्पस हा भाग आकसून कडक होणे, असे लिहिले आहे. काल सांगितलेले तिला आज आठवत नाही, घरचे त्याला निष्काळजीपणा म्हणतात, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला आहे आणि कोणीतरी आपल्याला सांगितले आहे की त्याने होती नव्हती ती स्मृतीही पुसली जाईल. मी डॉक्टर नाही. मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. परंतु हेच निदान माझे होते, माझी शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि या विषयाचे जेवढे वाचता आले तेवढे मी वाचले आहे.

प्रथम अहवालाविषयी. हिपोकॅम्पस हा टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या, आतल्या बाजूचा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीचा भाग असतो, आणि असे दोन असतात, एक डावीकडे व एक उजवीकडे. अपस्माराच्या रुग्णांमध्ये हा भाग कडक व आकसलेला आढळतो, हे पॅरिसमधील बुशे आणि काझोव्हिएल यांनी 1825 सालीच नोंदवले होते. पुढे 1880 मध्ये विल्हेल्म सोमर या जर्मन डॉक्टरांनी त्यातील कोणत्या पट्ट्यातील पेशी प्रामुख्याने नाहीशा होतात हे दाखवून दिले. लांबलेल्या झटक्यात मज्जापेशी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन एकमेकींवर अनावर सोडत राहतात, त्यामुळे पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि त्यांतल्या नाजूक पेशी मरतात. त्यांच्या जागी आधारपेशींचा व्रण तयार होतो, उरलेल्या पेशींचे तंतू भलत्या ठिकाणी जोडले जातात आणि तोच भाग पुढील झटक्यांचे उगमस्थान बनतो. तापात फिट आलेल्या बहुसंख्य मुलांना पुढे काहीही होत नाही. मात्र अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ चाललेल्या फिटनंतर काही मुलांचा हिपोकॅम्पस आधी सुजलेला आणि नंतर आकसलेला दिसतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत असे घडले असणे शक्य आहे, पण ते मागे जाऊन कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि त्यावरून आईवडिलांनी स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु आपण 'मेंदू आकसत चालला आहे' असे जे लिहिले आहे, ते अहवालात म्हटलेले नाही. अहवाल एका बाजूच्या एका लहान भागाविषयी आहे.

या भागाचे काम घडलेली गोष्ट नव्याने टिपून ती टिकेल अशी करण्याचे आहे. डावा हिपोकॅम्पस प्रामुख्याने ऐकलेल्या व वाचलेल्या शब्दांशी निगडित असतो. उजव्याचा संबंध चेहरे, जागा, वाटा यांच्याशी जोडला जातो, पण ती विभागणी डाव्याइतकी नेमकी नाही. ज्ञान म्हणून पूर्वीच पक्के झालेले बहुधा शाबूत राहते. माझे झटके जोरात होते त्या काळात सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी 1664 मध्ये झाली हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. मात्र त्याच किल्ल्यावर नववीच्या मुलांची सहल मी स्वतः नेली होती, हे मला काही आठवड्यांनी फोटो पाहून कळले. होडीत माझ्या शेजारी कोण बसले होते, कोणाची चप्पल पाण्यात गेली, हे सारे मुले हसत सांगत होती आणि मी हसण्यात सामील होत होतो. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मला ते सर्व आठवत होते. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात हा प्रकार ओळखीचा आहे: अर्ध्या तासानंतर किंवा दुसऱ्या दिवशी विचारले तर माणूस नीट सांगतो, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ती आठवण वेगाने विरून जाते. त्यामुळे दवाखान्यातील तासाभराच्या चाचणीत सारे ठीक दिसते आणि घरी मात्र आई विचारत राहते, 'तुझा ध्यान खय असता?' बहिणीची तक्रार अशी असेल तर ती डॉक्टरांना उदाहरणांसह सांगा. 'विसरते' एवढ्या एका शब्दातून त्यांना काहीच कळणार नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, तो सांगतो. एमआरआयमध्ये व्रण दिसला की घरचे सगळेच विसरणे त्या व्रणाच्या खात्यावर टाकतात आणि आता उपाय नाही असे मानून गप्प बसतात. प्रत्यक्षात विसरण्याची कारणे एकात एक गुंतलेली असतात आणि त्यांतील काहींवर इलाज असतो. झटका येण्याच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे मेंदू काहीच टिपत नाही, आणि सौम्य झटके अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाहीत: ती ओठ चाळवते, गिळल्यासारखे करते, ओढणीचे टोक बोटांनी चुरगाळत राहते, नजर शून्यात असते आणि नंतर थोडा वेळ गोंधळलेली असते. असे झटके आठवड्यातून अनेकदा येत असतील तर दिवसाचे कितीतरी तुकडे कोरेच जातात. झोपेत मेंदूतील अपस्माराचे विद्युत्‌स्राव चालू असले तर दिवसभरात टिपलेले पक्के होण्याच्या कामात त्यांचा अडथळा येतो. उदासी हा या आजाराचा नेहमीचा सोबती आहे आणि उदास माणसाचे लक्ष लागत नाही, मग आठवणार काय? त्यातच गोळ्या. फेनोबार्बिटोन आणि टोपिरामेट ही औषधे विचार मंदावणारी म्हणून ओळखली जातात, टोपिरामेटने तर ओठांवर आलेला शब्द सापडेनासा होतो. क्लोबाझामने सुस्ती येते. एकाच वेळी तीन-चार औषधे चालू असतील तर हा भार वाढतो. कोणतीही गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये, त्यातून न थांबणारी फिट येऊ शकते. पण 'यातील कोणते औषध बदलता येईल?' हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टला विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तिला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तिचे वय पाहता तो विषय वेगळाच काढा, कारण गर्भावर त्या औषधाचे दुष्परिणाम होतात.

औषधांनी झटके थांबण्याची शक्यता किती, याविषयी ग्लासगो येथील क्वान व ब्रॉडी यांचा 2000 सालचा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. पहिल्या औषधाने 47 टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांचे, आणि त्यापुढे फार थोड्यांचे. म्हणूनच योग्य मात्रेत दिलेली दोन योग्य औषधे निष्फळ ठरली की शस्त्रक्रियेचा विचार सुरू करावा असे मानतात; आपल्या डॉक्टरांनी तो विषय घाईने काढला असे मला वाटत नाही. कॅनडात झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या 80 रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या व निम्म्यांना केवळ औषधांच्या गटात ठेवले होते. वर्षअखेरीस भान हरपणाऱ्या झटक्यांपासून पहिल्या गटातील 58 टक्के मुक्त होते, दुसऱ्यातील 8 टक्के.

स्मृती पूर्ण पुसली जाईल ही भीती बहुधा हेन्री मोलेसन यांच्या कहाणीतून आलेली आहे. अमेरिकेत 1953 मध्ये झटके थांबवण्यासाठी त्यांच्या दोन्ही बाजूंचे हिपोकॅम्पस बरेचसे काढण्यात आले आणि 2008 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा जो अभ्यास केला, त्यातूनच या भागाचे काम जगाला नीट कळले. तेव्हापासून दोन्ही बाजू काढत नाहीत, आणि एक बाजू काढण्यापूर्वी दुसरी समर्थ आहे का हे तपासतात. तरीही डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेला किंमत असते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात डाव्या बाजूनंतर सुमारे 44 टक्के आणि उजव्या बाजूनंतर सुमारे 20 टक्के रुग्णांची शाब्दिक स्मृती घटल्याचे दिसले. ज्याचा हिपोकॅम्पस आधीच आकसलेला आणि शाब्दिक स्मृती आधीच कमजोर, त्याचे नुकसान तुलनेने कमी होते. ज्याची स्मृती चांगली आणि हिपोकॅम्पस एमआरआयवर धडधाकट, त्याला गमावण्यासारखे अधिक असते. माझे झटके थांबले, सहली आठवू लागल्या, आणि मुलांची नावे मात्र पूर्वीपेक्षा अधिक अडतात. हजेरीपट समोर ठेवल्याशिवाय मी आता वर्गात कोणाला हाक मारत नाही. हा सौदा मला मान्य आहे. आपल्या बहिणीने तो करावा की नाही, हे तिच्या चाचण्यांवर आणि तिच्या स्वतःच्या इच्छेवर सोडावे.

त्या चाचण्यांत एक पंधरा शब्दांची असते. यादी पाच वेळा मोठ्याने वाचतात, दरवेळी आठवतील ते शब्द म्हणायला लावतात, मग दुसरी यादी मध्ये घालून गोंधळवतात आणि अर्ध्या तासाने पहिली पुन्हा विचारतात. ही परीक्षा मराठीत व्हावी यासाठी आग्रह धरा. जिची भाषा मालवणी-मराठी तिला इंग्रजी शब्द दिले, तर जी घट दिसेल ती स्मृतीची की भाषेची हे सांगता येणार नाही. सिंधुदुर्गातील आपण बहुतेक जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, आणि पहिल्या तपासणीसाठी ते सोयीचेही आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संपूर्ण तपासणीसाठी मुंबईचे केईएम, किंवा तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, जेथे 1995 पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसने तेथे थेट जाता येते, पण भाषेचा हा प्रश्न आधी फोन करून विचारून घ्यावा.

तोपर्यंत तिला एकटीला विहिरीवर, नदीवर किंवा खाडीत उतरू देऊ नये, न्हाणीघराला आतून कडी नको, आणि दुचाकी चालवू देऊ नये. वाहन परवान्याच्या अर्जात फेफऱ्याविषयीचा प्रश्न असतोच. गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांची डबी घ्या. तपासणीला जाताना एमआरआयचा केवळ कागद न नेता सीडी न्या, झटक्यांच्या तारखांची वही न्या, आणि जमल्यास एका झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चित्रीकरण चालू असताना तिला नाव विचारा, हातात पेन किंवा वाटी देऊन 'हे काय?' असे विचारत राहा, आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बंद करू नका. भाषेच्या बाजूने, म्हणजे बहुतेकांत डावीकडून, सुरू झालेल्या झटक्यानंतर भान आले तरी शब्द काही वेळ परतत नाहीत, आणि झटक्याची बाजू ठरवताना डॉक्टरांना ती मिनिटे उपयोगी पडतात.