चुंचाळ्यात खानावळ काढतोयस तर

नाशिकच्या चुंचाळ्यात खाण्याच्या गाड्या आहेत, पण निवांत बसून जेवायला जागा नाही, हे तुझं निरीक्षण पटलं. फक्त इंटिरिअरवर पैसे उडवू नकोस. शेजारच्या अंबडच्या कंपन्यांतून सुटलेला माणूस झुंबर बघायला येत नाही. त्याला पंखा, स्वच्छ बेसिन आणि तव्यावरची पोळी हवी. बायकापोरांना आणता यावं म्हणून एक कोपरा फॅमिलीसाठी ठेव.

मेनू छोटा ठेव. सकाळी मिसळ, नंतर राइस प्लेट, बास. मिसळीचा भाव मात्र नीट काढ, कारण नाशिककर रस्सा पुन्हा मागणारच, पापड-दही वेगळंच. मी पहिल्या वर्षी तर्री हात सोडून वाढली. तेलाच्या डब्यांचा हिशेब दिवाळीत डोळ्यांसमोर आला!

19 किलोचा कमर्शियल सिलिंडर एक जादा असू दे, घरगुती लावायचा मोह नको. अन्न परवाना उद्घाटनाआधी. जीएसटीत कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) घेतलंस तर ते 5 टक्के तुझ्याच गल्ल्यातून जातात, गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येत नाहीत. भाव ठरवताना ते धर.

उधारीची वही ठेवावी लागेलच. पगार झाला की त्याच आठवड्यात वसूल कर, पुढच्या आठवड्यात तो माणूस समोरच्या फुटपाथवरून जायला लागतो.