प्रभारी नव्हे, भारित

कोल्हापुरातील रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, पेशींवर आणि डीएनएवर परिणाम करणाऱ्या ‘चार्ज्ड पॉलिमर’ला, म्हणजे विद्युत् भार असलेल्या लांब साखळीसारख्या रेणूला, मराठीत ‘प्रभारी बहुलक’ म्हणावे का, आणि ‘धनायन’ (धनभारित कण) या शब्दातील ‘आयन’ आपला मानावा की उसना.

‘प्रभारी’ असतो तो मुख्याध्यापक किंवा मुख्याधिकारी. रेणूकडे कोणी कार्यभार सोपवलेला नसतो, तरीही व्याख्यानांतून हा शब्द वारंवार कानी पडतो आणि दर वेळी तो बिचारा रेणू सही-शिक्का घेऊन खुर्चीवर बसलेला दिसू लागतो. ‘बहुलक’ हिंदीतून आलेला आहे. मराठी विश्वकोशात ‘बहुवारिक’ आणि ‘विद्युत् भारित’ हे शब्द आहेतच. ‘चार्ज’चे मूळही लॅटिनमधील गाडीशी, म्हणजे गाडीवर लादलेल्या ओझ्याशी जाऊन भिडते, तेव्हा ‘भार’ हाच शब्द योग्य. उसाच्या हंगामात कोल्हापूरकरांना हे निराळे समजावण्याची गरज नसावी.

खरी गंमत ‘आयन’मध्ये आहे. द्रावणातून वीज जाताना एका किंवा दुसऱ्या विद्युत् अग्राकडे सरकणाऱ्या कणांसाठी शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना १८३४ साली नाव हवे होते, आणि इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी ग्रीकमधील ‘जाणारे’ या अर्थाचा शब्द सुचवला. त्या शब्दामागचा ग्रीक क्रियापदाचा धातू आणि संस्कृतमधील ‘इ’ (एति, म्हणजे जातो) हे एकाच घरातले, आणि याच ‘इ’पासून आपले ‘अयन’ झाले. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीचे किरण नोव्हेंबरमध्ये दक्षिणायनात आणि जानेवारीच्या अखेरीस उत्तरायणात गाभाऱ्यात येतात. त्या किरणोत्सवातील ‘अयन’ आणि परीक्षानळीतील ‘आयन’ चुलत भावंडे आहेत.

हे साम्य योगायोगाचे आहे, असे सांगणारे विद्वान मला भेटतात. ‘आयन’ हे इंग्रजी उच्चाराचे लिप्यंतर आहे, एवढेच त्यांचे म्हणणे खरे. धातूच्या नात्याकडे मात्र ते पाहतच नाहीत. माझा तर्क असा की, ‘धनायन’ आणि ‘ऋणायन’ ज्यांनी प्रथम लिहिले त्यांच्या कानात ‘दक्षिणायन’ घुमत असणार. ‘उत्तरायण’मध्ये ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’ होतो, पण ‘दक्षिणायन’मध्ये मधला ‘ण’ आड येतो म्हणून ‘न’ टिकतो. ‘ऋणायन’मध्येही ‘ऋ’ असूनही नेमके तेच घडते. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी निदान व्याकरण तरी उघडावे.

आणि हे ‘जाणे’ नुसते व्युत्पत्तीपुरते नाही. डीएनएच्या साखळीतील फॉस्फेट गट ऋणभारित असल्यामुळे सोडियमसारखी लहान धनायने तिच्याभोवती दाटीने जमलेली असतात. हिस्टोन हे प्रथिन किंवा पॉलिइथिलिनइमाइन हे कृत्रिम बहुवारिक, अशी एखादी धनभारित लांब साखळी जवळ येऊन बसली की ही धनायने सुटून पाण्यात मोकळी होतात. या जोडणीचे श्रेय सरसकट ‘धन-ऋण आकर्षणा’ला दिले जाते, पण सुटलेल्या आयनांच्या मोकळेपणामुळे वाढणारी एंट्रॉपी (विस्कळीतपणाचे माप) हे तिच्यामागचे मोठे बळ आहे. म्हणूनच मीठ वाढवले की जोडणी सैल पडते, कारण आधीच आयनांनी गजबजलेल्या पाण्यात आणखी काही सुटल्याने फारसे साधत नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर, रक्त गोठू न देणाऱ्या ऋणभारित हेपॅरिनचा प्रभाव उतरवण्यासाठी धनभारित प्रोटामिन देतात, तेथेही अशाच विरुद्ध भारांची गाठ पडते. पेशीपटलाची बाहेरची बाजू ऋणभारित असल्यामुळे फार धनभारित बहुवारिक तिला चिकटून ते पटल फाडूही शकते, आणि म्हणून जनुक पेशीत पोहोचवणारी हीच साखळी प्रमाणाबाहेर गेल्यास विषारी ठरते.

तेव्हा त्या विद्यार्थिनीने आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘विद्युत् भारित बहुवारिके’ असे लिहावे, आणि ‘आयन’ला अवतरणचिन्हे घालू नयेत.