वजनाच्या इंजेक्शननंतर गळणारे केस

प्रश्न : माझे वय ३९ वर्षे आहे. वजन ९२ किलोवर गेल्यामुळे आणि साखर सीमारेषेवर आल्यामुळे डॉक्टरांनी मला टिर्झेपटाइडचे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुरू केले. साडेपाच महिन्यांत वजन ७८ किलोवर आले आणि गुडघेदुखीही थांबली. मात्र दीड महिन्यापासून केस मूठमूठ गळत आहेत. न्हाल्यावर मोरीच्या जाळीवर पुंजका साठतो आणि वेणी निम्मी झाली आहे. भूक जवळजवळ लागतच नाही. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री चार घास वरणभात एवढेच जाते. सासूबाई इंजेक्शन ताबडतोब बंद कर म्हणतात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून पंधरा दिवसांपासून बायोटिनच्या गोळ्या घेत आहे. इंजेक्शन सोडावे का? टक्कल पडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही टेलोजेन एफ्लुव्हियम या प्रकारची केसगळती वाटते आणि तिच्यात टक्कल पडत नाही. हे आधी सांगतो, कारण जाळीवरचा तो पुंजका पाहून रात्रीची झोप उडालेल्या कितीतरी स्त्रिया मी पाहिल्या आहेत. गळलेला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचे टोक नीट पाहा. तिथे टाचणीच्या माथ्यापेक्षाही लहान, पांढरट गाठ दिसली, तर तो केस विश्रांतीचा काळ संपवून सुटलेला आहे, असे समजावे. अशा केसाचे मूळ त्वचेत शाबूत असते.

डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस एरवी वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले विश्रांतीत. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. शरीराला मोठा ताण बसला किंवा अन्न एकाएकी कमी झाले, की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि सुमारे तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाळ हसायला लागले की आईचे केस गळतात, असे आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात, त्यामागे हेच तीन महिन्यांचे गणित आहे. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतरही असेच घडते. म्हणजे आज जाळीवर दिसणारे केस तीन महिन्यांपूर्वीच, जेव्हा वजन झपाट्याने उतरत होते आणि ताटातले अन्न आटत होते, तेव्हाच सुटायला निघाले होते.

टिर्झेपटाइडच्या चाचण्यांत सुमारे ७ टक्के स्त्रियांनी केस गळत असल्याचे सांगितले. तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेले, नुसते नावापुरते इंजेक्शन दिले होते, त्या स्त्रियांत हे प्रमाण १.३ टक्के होते. पुरुषांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहिले. औषधाच्या माहितीपत्रकातही या तक्रारीचा संबंध वजन घटण्याशी जोडलेला आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे असले कोणतेही इंजेक्शन न घेता, हीच केसगळती डॉक्टर फार पूर्वीपासून पाहत आले आहेत.

म्हणून मला खरी काळजी तुमच्या ताटाची वाटते. तुम्ही लिहिलेल्या जेवणातून दिवसाला ३० ग्रॅम प्रथिनेसुद्धा मिळत नसावीत, आणि मूत्रपिंडाचा विकार नसेल तर तुम्हाला ७० ग्रॅमच्या आसपास हवीत. केस प्रथिनाचाच बनतो, आणि तुटवडा पडला की शरीर हृदय, स्नायू यांची सोय आधी करते, केसांची नंतर. या औषधाने पोट लवकर भरते, तेव्हा पहिले घास प्रथिनांचे घ्या : आधी उसळ, घट्ट आमटी, अंडी किंवा मासे, मग जागा उरली तर पोळी. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. पातळ वरणाच्या चार घासांवर मात्र विसंबू नये. सकाळच्या टोस्टऐवजी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे खाल्ले, तरी पुष्कळ फरक पडेल.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ब१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करून घ्या. पाळी येणाऱ्या स्त्रियांत हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, रिकामा असू शकतो. लोहाची गोळी लागली तर ती चहाबरोबर घेऊ नका, कारण चहाने लोह नीट शोषले जात नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता फारच थोड्यांना असते. शिवाय त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. त्या गोळ्या थांबवा आणि निदान दोन-तीन दिवसांनी रक्त द्या.

सासूबाईंची काळजी मायेपोटी आहे, पण इंजेक्शन स्वतःहून सोडू नका. जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत ते औषध बंद केले तरी गळणारच, आणि उतरलेले वजन व साखर पुन्हा चढण्याचा धोका राहतो. साडेपाच महिन्यांत १४ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या १५ टक्के, हा वेग मोठा आहे. मात्रा काही काळ आहे तिथेच ठेवता येईल का किंवा थोडी उतरवता येईल का, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि जेवण किती कमी झाले आहे हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

वजन स्थिरावून आहार सुधारला, की तीन ते सहा महिन्यांत गळती ओसरते. कपाळाच्या कडेला आखूड, ताठ केस दिसू लागतील, ती नव्या वाढीची खूण आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी भरायला वर्षाहून अधिक काळ लागेल. भांग रुंदावत चालला असेल, गोल चकत्या पडल्या असतील, टाळूला खाज किंवा जळजळ असेल, अथवा सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल, तर कारण वेगळे असू शकते. त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. गर्भधारणेचा विचार असेल, तर मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचे औषध दुकानातून परस्पर आणून लावू नका, आणि या इंजेक्शनबाबतही डॉक्टरांशी आधीच बोला.