२००५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सुप्रीम कोर्टाच्या उमेदवाराला त्याच्याच पक्षाने विरोध का केला? ही पक्षाशी गद्दारी नव्हती का?

तुमचं म्हणणं असं की हॅरिएट मायर्सचं नाव खुद्द राष्ट्राध्यक्षाने दिलं, अशा नावाला मंजुरी देणाऱ्या सिनेटमधे १०० पैकी ५५ जागा त्याच्याच रिपब्लिकन पक्षाच्या, तरी २४ दिवसांत नाव मागे घ्यावं लागलं आणि तेही घरच्याच लोकांमुळे, मग ही गद्दारी नाही तर काय.

मी चाळीसगावकडचा, वीसेक वर्षं वकिली करतोय आणि बरीच वर्षं पक्षाचं कामही केलंय, म्हणून माझं मत सरळ सांगतो. गद्दारी नव्हती. त्यांनी जे केलं ते पक्षातल्या लोकांनीच करायला पाहिजे होतं.

झालं असं की जुलै २००५ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टाच्या जज सँड्रा डे ओकॉनर यांनी आपण निवृत्त होणार असं जाहीर केलं. त्या जागेसाठी बुशने आधी जॉन रॉबर्ट्सचं नाव दिलं होतं, पण सप्टेंबरात सरन्यायाधीश रेनक्विस्ट वारले म्हणून रॉबर्ट्सना तिकडे नेलं आणि ओकॉनरची जागा परत रिकामी राहिली. ३ ऑक्टोबरला बुशने मायर्सबाईंचं नाव जाहीर केलं. त्या तेव्हा व्हाइट हाउसच्या वकील होत्या, त्याआधी बुशच्या खाजगी वकील, टेक्सासच्या वकील संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, म्हणजे बाई काही साध्या नव्हत्या हो, पण एक दिवस सुद्धा जज म्हणून काम केलेलं नव्हतं आणि घटनेच्या मोठ्या प्रश्नांवर त्यांनी काही लिहून ठेवलंय म्हणावं तर तेही फारसं नव्हतं. बुशचं म्हणणं एवढंच की मी यांना ओळखतो, विश्वास ठेवा.

तिथेच पक्षातले लोक बिथरले. जॉर्ज विल, चार्ल्स क्राउथॅमर, बिल क्रिस्टल, हे सगळे त्याच बाजूचे नावाजलेले लिहिणारे, सगळे तुटून पडले. माजी जज रॉबर्ट बोर्क सुद्धा विरोधात गेले. रिपब्लिकन सिनेटर ब्राउनबॅक यांनी जाहीरपणे शंका काढली. सिनेटच्या समितीने जी प्रश्नावली पाठवली होती तिची उत्तरंच अपुरी आहेत म्हणून परत भरून मागितली, आणि मागणारे होते समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष स्पेक्टर आणि डेमोक्रॅट लेही, दोघं मिळून. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड मात्र बाईंबद्दल चांगलं बोलत होते. २७ ऑक्टोबरला बाईंनी नाव मागे घेतलं, कारण दिलं की सिनेट व्हाइट हाउसचे अंतर्गत कागद मागतंय.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विरोध करणाऱ्या सगळ्यांनाच लायकीची काळजी होती असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना १९९० चा अनुभव डाचत होता, थोरल्या बुशने, म्हणजे याच्या वडिलांनी, डेव्हिड सूटर यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं आणि ते पुढे गर्भपातासारख्या प्रश्नावर पक्षाच्या अपेक्षेच्या उलटे गेले, म्हणून यांना आता खात्रीचं मत पाहिजे होतं. तिकडे सुप्रीम कोर्टाचा जज तहहयात असतो, आपल्याकडे ६५ ला रिटायर होतो, हायकोर्टाचा तर ६२ लाच. म्हणून तिकडे एका नावाचं वजन भलतंच असतं. मायर्सबाईंच्या जागी सॅम्युएल अलिटो आले, १५ वर्षं अपील कोर्टात जज राहिलेले, जानेवारी २००६ मध्ये ५८ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाले, आणि गर्भपाताचा हक्क काढून घेणारा २०२२ चा निकाल लिहिला तो याच अलिटोंनी. तो निकाल मला पटलेला नाही. पण सांगायचं हे की तीन आठवड्यांच्या त्या घरगुती भांडणाचा परिणाम कुठवर गेला बघा.

आपल्याकडे पक्षात असं भांडायला जागाच नाही. १९९३ च्या निकालापासून हायकोर्टाची नावं कॉलेजियम, म्हणजे वरिष्ठ जजांचा गट, सुचवतं, मग सरकार, मग राष्ट्रपतींची सही. संसदेने नेमणुकांसाठी आयोग आणला तर तोही २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. आमची अपिलं संभाजीनगर खंडपीठात जातात, पक्षकाराला घेऊन कन्नड घाट चढताना तो पहिलं विचारतो की जज साहेब कसे आहेत, आणि त्यांचं नाव कोणी कसं ठरवलं हे मलाच धड सांगता येत नाही.

तालुक्यात मात्र ठरवताना मी हजर होतो. एका बाजार समितीवर आमच्या पक्षाचं पॅनल आलं, गावाचं नाव सांगत नाही, आणि समितीचा वकील नेमायचा होता. एकच नाव पुढे आलं, नेत्याच्या जवळचं. मी म्हटलं, अप्पा, त्यांनी आजवर दिवाणी दावे किती चालवलेत ते तरी विचारा. अप्पा म्हणाले, "आपला मानूस शे ना भो, मंग काय पाहिजे?" चहाचे कप तसेच राहिले, कोणी बोललंच नाही. बाहेर चपला घालताना एकाने माझा दंड धरला, म्हणे चूप बठ, निवडणूक जवळ शे. पुढे महिनाभर मी गद्दार, तुमचाच शब्द.

दोन वर्षांनी एक म्हातारे शेतकरी माझ्याकडे आले, पिशवीत कापसाच्या पावत्या, घामाने पिवळ्या पडलेल्या. व्यापारी पैसे बुडवून पळालेला, समितीने त्याच्यावर वसुलीचा दावा लावलेला, आणि समितीचे तेच वकील तारखांना गेलेच नाहीत म्हणून दावा डिफॉल्टमध्ये डिसमिस, म्हणजे गैरहजेरीमुळे फेटाळलेला. बाबा विचारत होते, पुन्हा चालू करता येईल का. रिस्टोअर करायला ३० दिवस असतात, ते कधीच उलटून गेले होते. मी त्यांना सांगितलं की आता आधी डिले कंडोनचा, म्हणजे उशीर माफ करण्याचा, अर्ज लागेल, आणि तो मला नाही टाकता येणार, समितीच्या वकिलांनाच टाकावा लागेल. त्यांनी पावत्या मोजून परत पिशवीत ठेवल्या.