पाणी वापर संस्थेत नवीन आलायस तर आधी संचालकांना भेट

दादा, पाणी वापर संस्था म्हणजे कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था, सातबारा तिच्या हद्दीत आला म्हणजे तू सभासद झालास, पण संचालक मंडळाशी ओळख वार्षिक सभेत होत नाही बरं का, ती होते चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या कालव्यावर. महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शीर्ष (कालव्याचं तोंड), मध्य आणि पुच्छ (शेवटचं टोक) अशा तिन्ही भागांतून संचालक निवडायचे असतात, त्यातल्या पुच्छवाल्याला पहिलं भेट, कारण पाणी कुठं मुरतं ते त्यालाच माहीत असतं. आमचे पुच्छाचे अण्णा रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं त्या पाळीत, रात्री दोनला बॅटरी घेऊन गेटवर उभे असायचे, मोजपट्टीचं रीडिंग वहीत लिहायचे, पगार नाही काही नाही, मी नुसता थर्मासमधून चहा घेऊन गेलो आणि त्या एका रात्रीत घनमापन, म्हणजे संस्थेला पाणी मोजून मिळतं ते कसं, ते कळलं.

पहिल्याच भेटीत तक्रार नको करूस. आपली पाळी कधी, पाणीपट्टी किती, चारी साफ करायला कधी यायचं, एवढंच विचार. आणि महिला संचालक असतील त्यांच्याशी पण बोल, लोक त्यांच्या नवऱ्याला फोन लावतात ते मला अजिबात पटत नाही. जमलं तर नाशिकचा वाघाड प्रकल्प बघून ये, तिथं अख्ख्या धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्याच संस्था सांभाळतात.