नव्या टीचिंग असिस्टंटना पहिल्या वर्गासाठी कसं तयार करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या विद्यापीठात तुमच्या रसायनशास्त्र विभागातली पीएच.डी.ची नवी मुलं या सत्रापासून एम.एस्सी. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल आणि ट्युटोरियल घेणार आहेत. त्यांना तयार करायचं काम तुमच्याकडे आलंय, विभागाने त्यासाठी एकच दिवस दिलाय, आणि त्या दिवशी कोणाकोणाची व्याख्यानं ठेवावीत असं तुम्ही विचारताय.

मी गोव्यातच हे काम बरीच वर्षं करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. व्याख्यान एकही ठेवू नका. अध्यापनशास्त्रावरचं भाषण ऐकून कुणाला वर्ग घेता येत नाही. त्या दिवशी प्रत्येकाला उभं करा आणि शिकवायला लावा. आणि एका दिवसाचे दोन अर्धे दिवस करता आले तर जरूर करा, कारण खरा फरक दुसऱ्यांदा शिकवताना पडतो.

ही पद्धत नवी नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोटीचिंग सुरू केलं: पाच-दहा मिनिटांचा धडा, समोर मोजके विद्यार्थी, लगेच अभिप्राय, आणि तोच धडा पुन्हा. आपल्याकडे बी.एड. केलेल्या कुणालाही हे विचारा, त्यांनी ते केलेलंच असतं. पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटमधून किंवा फोंड्याच्या बी.एड. कॉलेजातून एखाद्या अनुभवी प्राध्यापकांना बोलावून मागे बसवता आलं तर उत्तमच. विषय त्यांचा नसला तरी चालतं. फळ्याकडे तोंड करून बोलणं, प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं, एकाच बाजूच्या बाकांकडे बघणं, हे सगळं त्यांना पहिल्या दोन मिनिटांत दिसतं.

आता सराव कशाचा, ते एका उदाहरणाने सांगतो. नव्या बॅचला आम्ही सुरुवातीला द्रावण तयार करणं आणि साधं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबाथेंबाने दुसरं द्रावण घालून तीव्रता मोजणं, देतो. हे तर बारावीचं आहे, यात शिकवायचं काय, असं संशोधक मुलांना वाटतं. पण पावसाळ्यात, सत्राच्या तोंडावर, सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करायला घ्या. गोव्याच्या त्या दमट हवेत वॉच ग्लासवर बघता बघता त्या ओल्या व्हायला लागतात. 0.1 मोलर द्रावण लिटरभर करायला 4 ग्रॅम घेतले, पण त्यात पाणी किती आणि हायड्रॉक्साइड किती? म्हणून तर ऑक्झॅलिक ॲसिडने स्टँडर्डायझेशन करायचं, म्हणजे द्रावणाची खरी तीव्रता ठरवून घ्यायची. हे आधी सांगितलं नाही, तर विद्यार्थ्याला आकडा कमी येतो, आपलंच चुकलं असं त्याला वाटतं, आणि तो शेजाऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतो. खोटं रीडिंग लिहायची सवय इथे लागते.

मग फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग येतो आणि थोड्या वेळाने जातो. कुणीतरी विचारणारच, "सर, रंग परत कित्याक वता?" हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, पीएच सुमारे 8.2च्या खाली उतरतो आणि रंग नाहीसा होतो. म्हणून फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोच एंड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन थांबवायची खूण, धरायचा. संशोधक विद्यार्थ्याला हे माहीत असतंच. पण समोरच्याच्या हातात फ्लास्क आहे, मागे दोघे ब्युरेट अडकला म्हणून हाका मारताहेत, अशा वेळी दोन वाक्यांत सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते सरावानेच येतं.

म्हणून प्रत्येकाने आपण घेणार तो प्रयोग आदल्या दिवशी, त्याच लॅबमधल्या त्याच बाटल्या वापरून, स्वतः करावा, आणि विद्यार्थी कुठे अडतील अशा तीन जागा लिहून आणाव्यात. सरावाच्या दिवशी त्या तीन जागांवरच दहा मिनिटं शिकवायचं. बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. एकाला सांगून ठेवा की काहीही न कळता प्रत्येक वेळी "हो सर" म्हणायचं. दुसऱ्याने चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने द्यायचं. तिसऱ्याने असा प्रश्न विचारायचा की ज्याचं उत्तर शिकवणाऱ्याला येत नाही. "हे मला आत्ता सांगता येणार नाही, बघून पुढच्या प्रॅक्टिकलला सांगतो" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सरावसुद्धा लागतो. नवी मुलं तिथेच घाबरून काहीतरी ठोकून देतात.

थांबण्याचाही सराव घ्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आपल्याकडे मी तीनवरही समाधानी नाही. पेडणे, सत्तरी, डिचोलीची कितीतरी मुलं मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असतात, सासष्टीची मुलं घरी कोंकणीत बोलतात, आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीतून. विद्यापीठात पोचेपर्यंत लिहिण्याचं इंग्रजी येतं, पण तोंडी उत्तर देताना मनात वाक्य जुळवायला वेळ लागतो. ते जुळत असताना आपण "एनीवन? ओके, नेक्स्ट" म्हटलं, की ते मूल पुन्हा हात वर करत नाही.

इथे असिस्टंटचा फार मोठा उपयोग आहे, आणि तो वाया जाताना बघून मला वाईट वाटतं. प्राध्यापकांना "म्हाका समजूंक ना" म्हणायला कचरणारं मूल ताईला किंवा दादाला ते सांगतं. तेव्हा तुमच्या मुलांना सांगा: फळ्यावरचं आणि जर्नलमधलं इंग्रजीत ठेवा, पण बाकाजवळ जाऊन समजावताना कोंकणी, मराठी, हिंदी, जी जुळेल ती वापरा. फक्त एक पाळा. वर्गात बाहेरच्या राज्यातला एखादा विद्यार्थी असेल, तर सगळ्यांसाठीची सूचना त्याला कळेल अशा भाषेतच द्यायची.

गुणांकनाला अर्धा तास तरी द्या. गेल्या वर्षीची चार-पाच जर्नलं नावं झाकून सगळ्यांना द्या, स्वतंत्र गुण द्यायला लावा आणि मग आकडे फळ्यावर मांडा. एकाच जर्नलला कुणी सहा देतो, कुणी नऊ. त्यावर जो वाद होतो, त्यातूनच विभागाची रूब्रिक, म्हणजे गुण देण्याचे ठरलेले निकष, तयार होते. स्वच्छ अक्षराला किती आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या चुकीच्या रीडिंगला किती, हे तिथेच ठरवून टाका. माझ्या मते दुसऱ्याला जास्त.

वयाचा प्रश्न नाजूक असतो. तुमचे असिस्टंट चोवीस-पंचवीसचे, विद्यार्थी बावीसचे, आणि गोवा एवढासा की कुणीतरी कुणाचातरी मावसभाऊ निघतोच. नातेवाइकाचं जर्नल तपासायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळापत्रक आणि सूचना, वैयक्तिक मेसेज नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेली अंतर्गत समिती कुठे आहे, तक्रार कोणाकडे न्यायची, हे त्यांना नावानिशी सांगा. कुणी विद्यार्थी खचलेला दिसला तर समुपदेशकाकडे पाठवायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लॅबच्या फलकावर लावून ठेवा. आय वॉश आणि अग्निशामक कुठे आहेत, हे लॅब अटेंडंटकडून प्रत्यक्ष दाखवून घ्या.

पहिल्या चार आठवड्यांत तुम्ही स्वतः किंवा एखादा जुना असिस्टंट प्रत्येकाच्या एका तरी तासाला मागे बसा. नंतर चहा घेताना दोनच गोष्टी सांगा, एक जमलेली, एक बदलायची. चौथ्या आठवड्यात विद्यार्थ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या: काय कळतंय, काय नाही. सत्राच्या शेवटी घेतलेला फीडबॅक त्या बॅचच्या काहीच कामाचा नसतो.

शेवटचा मुद्दा तुमच्या हातातला आहे आणि तो धरून ठेवा. यूजीसीच्या 2022च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, आणि त्याला आठवड्याला 4 ते 6 तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन असं काम देता येतं. आदल्या दिवशीचा प्रयोग, जर्नल तपासणं आणि हा सराव त्या तासांतच मोजा. तसं न मोजल्यास दोन आठवड्यांत गाइड म्हणतील, "माझ्या कामाचं काय?" आणि मूल मधल्यामध्ये सापडेल. म्हणून सत्र सुरू होण्याआधीच प्रत्येक गाइडना लेखी कळवा: कुठला वार, किती वाजता, कुठली बॅच, तयारीला किती तास. त्यांची सही घ्या आणि विभागप्रमुखांकडे एक प्रत ठेवा.