मेळघाटातलं उठलेलं गाव जुन्या टोपोशीटवर सापडेल का?

आजोबांचा ढाणा (कोरकूंची छोटी वस्ती) मेळघाटातून कधीच उठला, सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी त्याची खूण जुन्या नकाशात मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळण्याची आशा चांगली आहे. फक्त नावावरून शोधू नका.

टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा तपशीलवार नकाशा. मेळघाट त्याच्या ५५ सी आणि ५५ जी या क्रमांकांत येतो. चिखलदरा ५५ जी/७ वर आहे. जुनी शीट 'एक इंचाला एक मैल' या मापाची, नंतरची १:५०,००० ची. समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष आधी वाचा. छपाईचं वर्ष वेगळं असतं आणि तिथंच माणूस फसतो. गाव उठण्याआधीचं सर्वेक्षण हवं. १:२,५०,००० चे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यात एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. चार घरांचा ढाणा त्यात कुठला दिसणार?

आमच्या दाव्याच्या वेळी मी दोन दिवस नाव शोधत बसलो होतो. शेवटी शेजारच्या कोरकू आबाजींना बोलावलं. त्यांना अक्षरओळख नाही. "ही सिपना," म्हणून मी नदीची निळी रेघ दाखवली. त्यांनी बोट तिच्यावरून वर नेलं, दोन नाले सोडले, तिसऱ्यापाशी थांबले. "इथं आमची विहीर." भिंग धरलं, तर तिथं विहिरीची निळी खूण होती, शेजारून बंडीवाटेची तुटक रेघ. नाव मात्र भलतंच छापलेलं. सर्वेअरच्या कानाला कोरकू उच्चार जसा लागला, तसा तो इंग्रजीत उतरला.

म्हणून तो भाग ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्याच. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये नकाशे पुरावा म्हणून धरलेत, तसा दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचा लेखी जबाबही. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. एका बैठकीत दोन्ही होतात.

आणखी एक. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या जीपीएसशी तंतोतंत जुळत नाहीत. हे नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज सर्वेक्षकाने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले, जीपीएसचा हिशोब वेगळा. आपल्या भागात फरक शंभर-दीडशे मीटरचा पडतो. तेव्हा त्या आकड्यावर जाऊन काही दिसलं नाही तर परत फिरू नका, नाल्याच्या काठाने वर-खाली बघा. चैतात जा. सागाची पानं झडलेली असतात, जोत्याचे दगड लांबून दिसतात.